शेवटच्याचा हात

दामिराने वर्षभरात डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता, आणि ही गोष्ट अर्ध्या बिश्केक शहराला ठाऊक होती. उरलेल्या अर्ध्याला तिच्या थोरल्या नणंदेने, साकिन एजेने (एजे म्हणजे ताई), सांगून ठेवलं होतं.

तसं बघायला गेलं तर नणंदेचं तरी काय चुकलं? भाऊ गेला होता तिचा. अंगणात नमद्याचा तंबू उभारला होता, आत बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि बाहेरून एकेक पुरुष काठीवर भार देत, "काळजा रे माझ्या, काळजा!" असं ओरडत, हुंदके देत तंबूकडे येत होता. रीत अशी, की बाहेरून ही हाक आली की आतून विधवेचा आवाज निघायला हवा. नवऱ्याचं नाव न घेता त्याचे गुण गायचे, तो कसा बसायचा, कसा हसायचा, मला कुणाच्या भरवशावर टाकून गेलास, असं सगळं सुरात म्हणायचं. याला कोशोक म्हणतात. पोरींना तो लहानपणापासून कानावर पडून येतो, शिकवावा लागत नाही. दामिरालाही येत होता. आईच्या वेळी तिने असा काही गायला होता की हिशेबी माणसं म्हणून प्रसिद्ध असलेले तिचे मामासुद्धा घोड्याच्या मानेत तोंड खुपसून रडले होते.

पण नवऱ्याच्या, ओरोझबेकच्या वेळी तिची दातखीळ बसली ती बसलीच. साकिन एजेने मांडीला चिमटा काढला. मग दुसरा काढला. शेवटी तलासहून आलेली कुणी लांबची जाऊ पुढे सरसावली आणि तिने गळा काढला, तो इतका मन लावून, की नंतर आलेली माणसं तिच्याच खांद्यावर हात ठेवून सांत्वन करून गेली. दामिरा शेजारी लाकडासारखी बसून होती. एकाने तर तिला, "बाई, जरा चहा मिळेल का?" असं विचारलं. आणि तिने उठून दिला.

लोक म्हणाले, धीराची आहे. लोक असंही म्हणाले, की सुटली एकदाची. दोन्ही खोटं. तिला काही वाटतच नव्हतं. बराच वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी दुसऱ्याचा पाय वाटतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. ती उठायची, पाव आणायची, पोराशी फोनवर बोलायची, शेजारणीच्या नातवाला हसायचीसुद्धा. रात्री पडली की झोप यायची. झोप येते याचीच तिला लाज वाटायची, पण लाजही अशी लांबून, रस्त्यापलीकडून हात करणाऱ्या माणसासारखी.

आता वर्ष भरत आलं होतं. वर्षाचं जेवण ठरलं, कापायचा घोडा ठरला, आचारी ठरला.

"या खेपेला तूच गायचंस," साकिन एजेने बोट नाचवत बजावलं. "तलासवालीला मी बोलावलंच नाहीये. तीनशे माणूस येणार. तू पुन्हा मिठाची गुळणी धरून बसलीस, तर माझ्या भावासाठी कुणी रडलंच नाही असं होईल. मग मी काय तोंड दाखवू?"

"नाही आलं तर?"

"नाही आलं तर म्हणजे? वीस वर्षं संसार केलास की भाड्याने राहत होतीस?"

दामिरालाही तोच प्रश्न पडला होता. आपलं होतं तरी काय त्या माणसाशी, की तो गेला आणि आत एक भांडंही पडलं नाही? जेवणाच्या दिवशी तंबूत आवाज फुटला नाही, तर लोक काय म्हणायचं ते म्हणोत. पण मग तिला स्वतःलाच कायमचं कळून चुकणार होतं, की काही नव्हतंच. भीती वाटावी अशी ही एकच गोष्ट उरली होती, आणि तीही तिला धड वाटत नव्हती.

अशात गेना आला. गेना म्हणजे दामिरा आणि ओरोझबेक दोघंही ज्यात होते त्या मोटारसायकल टोळीचा पुढारी, पोट टाकीवर ठेवून गाडी चालवणारा रशियन माणूस. दर जूनमध्ये मोसमाची पहिली मोठी फेरी ताश-राबातला जायची. डोंगरातल्या त्या दगडी सराईत एकेकाळी उंटांचे तांडे मुक्काम करत, आता हे करायचे. मधल्या काळात काही सुधारणा झाली असेल तर ती एवढीच, असं ओरोझबेक म्हणायचा.

"वहिनी," गेना दारातच टोपी चुरगाळत म्हणाला, "शेपूट कोण होणार, यावरून भांडणं चालली आहेत. मेदेर म्हणतो मी होतो. आता तो पोरगा, नवी कोरी गाडी, त्याला मागे ठेवला तर दोन डोंगर ओलांडून पुढे जाऊन बसेल. मी म्हटलं, ओरोझबेकची जागा आहे. तिथे तूच."

"बरं," दामिरा म्हणाली. वर्षभर ती सगळ्यालाच बरं म्हणत होती.

साकिन एजेला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अगं, काळे कपडे उतरले नाहीत अजून अंगावरचे! आणि तू फटफटी उडवत निघालीस?"

"फटफटीवाल्यांची जाकिटंही काळीच असतात, एजे."

हे दामिरा सहज बोलून गेली. नणंद मात्र क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, कारण असलं बोलणं ओरोझबेकचं होतं.

आता शेपूट म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वीसेक गाड्या डोंगरात निघाल्या की त्यांची माळ तुटते. फोन चालत नाहीत. म्हणून टोळीचा एक नियम आहे. फाटा आला की पुढारी थांबत नाही. त्याच्या लगेच मागचा थांबतो आणि वळायच्या दिशेला तोंड करून खांबासारखा उभा राहतो. त्याला खांबच म्हणतात. सगळे त्याच्याकडे बघून वळतात. खांबाने हलायचं नाही. पाऊस येवो, लांडगा येवो, सासू येवो. सगळ्यांत शेवटी शेपूट येतं, पिवळं जाकीट घातलेलं, आणि डावा हात सरळ आभाळाकडे वर करतं. म्हणजे, माझ्यामागे कोणी नाही. तो हात दिसला, की खांब सुटला. तो गाडीला किक मारून शेपटाच्या पुढे निघतो. इतक्या वर्षांत या टोळीने एक माणूस हरवला नाही, तो या हातामुळे.

आणि इतकी वर्षं तो हात ओरोझबेकचा होता. जोडगाडीची जुनी उराल, बाजूच्या डब्यात हत्यारं, पेट्रोल, पंक्चरचं सामान आणि वाटेत कुणी मोडून पडला तर तो. दामिराची जावा मोटारसायकल त्याच्या अगदी पुढे. ती पुढे, तो मागे. तिच्या आरशात त्याचा दिवा कायम दिसायचा, थोडा वाकडा, डावीकडे बघणारा. घरी दोघं फार बोलत नसत. रस्त्यावर तर नाहीच. ती आरशात बघायची, दिवा असायचा, बस्स.

गेल्या साली ताश-राबातहून परत आले, उराल शेडमध्ये लावली, आणि पुढच्याच आठवड्यात सकाळी चहा पिताना तिने वाटी भरायला हात पुढे केला तर त्याने वाटीवर तळवा ठेवला. पुरे. "एवढ्यातच?" ती म्हणाली. तो भिंतीला टेकला. तिने किटली खाली ठेवली तोवर संपलं होतं.

ठरल्या सकाळी सगळे शहराबाहेर जमले. जापारदादाने आशीर्वाद दिला, कारण वयाने तोच मोठा. जापार ओरोझबेकचा जिवाभावाचा मित्र. उभा जन्म शहरात ट्रॉलीबस चालवली, त्यामुळे डोक्यावरच्या विजेच्या तारेखालून बाहेर जायचं नाही हे अंगात मुरलेलं. नियम म्हटला की नियम. हिवाळ्यात छातीने धरलं म्हणून इस्पितळात पडून होता, सुनेने नको नको म्हणत गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली, तर याने स्वतःच पोळ्या करायच्या मिषाने ती शोधून काढली. त्याने हात पसरले, सगळ्यांनी पसरले. "वाट मोकळी असो, निघालेला पोचो, पोचलेला परतो. ओमिन." सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले.

"शेपूट, तयार?" गेना ओरडला.

दामिराने पिवळं जाकीट चढवलं. ते ओरोझबेकचंच, तिला गुडघ्यापर्यंत येत होतं. मेदेर हसला, "वहिनी, आत अजून एक माणूस मावेल!" बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते, आणि तो उगीचच टायर तपासायला वाकला. दामिराला काहीच लागलं नाही. लागावं असं तिला वाटत होतं.

निघण्याआधी तिने एक गोष्ट केली. जावाचा डावा आरसा धरून खाली फिरवला, तिच्या गुडघ्याकडे. कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिला दिवस चांगला गेला. घाट चढले, वरच्या बर्फाच्या कडेला फोटो काढले, नरीनला मुक्काम केला. तिथे कुणी तरी पातेलंभर कुउर्दाक केलं होतं, मटणाचे तुकडे चरबीत न्हात होते. सगळे ओरोझबेकच्या गोष्टी सांगत होते. उरालच्या डब्यात बसवून आणलेली मेंढी, पोलिसाला विकलेला पंक्चरचा डिंक, असलं सगळं. हसून हसून गेनाचा चेहरा बिटासारखा लाल झाला. आणि जापार हसता हसता रडायला लागला, त्याला दोन्हींत फारसा फरक करता येत नसे. दामिरा जेवत होती. मटणाला मीठ कमी होतं, एवढं तिला कळलं.

वाटेतल्या फाट्यांवर मात्र एक गोष्ट होत होती. पहिल्या फाट्याला खांब मेदेर होता. दामिरा आली, वेग कमी केला, आणि हात उचलायला गेली तर हात हँडल सोडेना. दुखत नव्हता, आखडला नव्हता. नुसता उठेना. ती तशीच पुढे गेली. मेदेरला पिवळं जाकीट दिसलं, त्याने खांदे उडवले आणि तिला गाठून पुढे निघून गेला. पुढच्या थांब्यावर तो म्हणाला, "वहिनी, हात विसरलात वाटतं!"

"हं," ती म्हणाली.

दुसऱ्या फाट्यालाही तेच. तिसऱ्यालाही. तरुण पोरं, कोण बोलणार? जाऊ दे, वहिनींचं मन थाऱ्यावर नाही, असं म्हणून प्रत्येकाने आपापली समजूत घातली. तिचं मन थाऱ्यावरच होतं. नको इतकं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत-बाशी गाव मागे पडलं आणि आभाळ काळंनिळं झालं. वारा चीनकडून यायला लागला. दामिराने कडेला थांबून रेनकोट चढवला. तो पिवळ्या जाकिटावरून चढवावा लागला, आणि तो करड्या रंगाचा होता. इथेच खरी चूक झाली. पण त्या क्षणी तिला फक्त एवढंच वाटलं की आता जरा ऊब आली.

ताश-राबातचा फाटा हा जापारचा फाटा. मोठा रस्ता सरळ सरहद्दीकडे जातो आणि डावीकडे मातीचा रस्ता ओढ्याच्या काठाने दरीत शिरतो. त्या फाट्याच्या आधी सगळे बाजूला होऊन जापारला पुढे सोडतात, गेनाच्या मागे, म्हणजे खांब तोच होणार. कधी ठरलं हे कुणालाच आठवत नाही. इतकी वर्षं तिथे जापार उभा राहायचा, एकेक गाडी वळायची, मग दामिरा, मग उराल आणि वर उठलेला हात. जापार त्याला सलाम ठोकायचा, बसच्या ड्रायव्हरने समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला ठोकावा तसा.

दामिरा आली तेव्हा तो उभा होता. गळ्याला सुनेने विणलेला नारिंगी मफलर. तिने वेग कमी केला. हात उठला नाही. ती वळली. वळताना तिला दिसलं, की जापारने तिच्याकडे बघून मान हलवली आणि मग नजर तिच्यावरून काढून मागे, मोकळ्या रस्त्याकडे लावली. तिला ते दिसलं, पण कळलं नाही. गारा पडायला लागल्या होत्या, आणि ओढ्याकाठचा रस्ता राडा झाला होता.

सराईपाशी पोचली तेव्हा गाड्या ओळीने लागल्या होत्या. शेजारच्या मुक्कामी तंबूंच्या मालकिणीने चूल पेटवली होती. आत बोरसोकांचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा ढीग, लोणी, जाम, आणि सगळ्यांच्या ओल्या मोज्यांचा वास. मेदेर सांगत होता, की सराईच्या तळघरातून भुयार आहे आणि ते थेट त्याच्या सासुरवाडीत निघतं, म्हणून तो आत जात नाही. मालकीण चहा ओतत होती. ओतता ओतता ती थांबली.

"ही वाटी कुणाची?"

एक वाटी भरलेली, आणि तिच्यापुढे कुणी नाही. सगळ्यांनी आधी दामिराकडे बघितलं, मग घाईने दुसरीकडे. ओरोझबेकची म्हणून चुकून जास्त भरली असेल, असंच सगळ्यांच्या मनात आलं. मग गेनाने तंबूभर नजर फिरवली.

"जापार कुठंय?"

कुणी म्हणालं, घोड्यांकडे असेल. कुणी म्हणालं, झोपला असेल. मेदेर बाहेर जाऊन गाड्या बघून आला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "दादाची गाडी नाही."

"शेपूट," गेना हळू आवाजात म्हणाला, "तो तुझ्या पुढे आला का नाही?"

"फाट्यावर उभा होता."

"हात केलास?"

बाहेर गारा तंबूवर ताशा वाजवत होत्या. दामिराने वाटी खाली ठेवली. एकेक जण ओल्या मोज्यांकडे बघायला लागला, कारण हात तर तिने कालपासून एकदाही केला नव्हता आणि मेदेरच्या थट्टेपलीकडे एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

"अरे देवा," मालकीण म्हणाली. "म्हातारा माणूस, या गारांत?"

"छाती आधीच गेलेली त्याची," गेना उठत म्हणाला. "मी जातो."

"मी जाते," दामिरा म्हणाली. "माझं काम आहे ते."

"वहिनी, अंगात त्राण नाही तुझ्या..."

"गेना, बस खाली." हे ती जरा जोरात बोलली. स्वतःचा आवाज ऐकून तीच दचकली. मालकिणीने भरलेली किटली कांबळ्यात गुंडाळून तिच्या पाठीला बांधली, पोर बांधतात तशी.

दरीतून खाली येताना जावा खोकत होती. डोंगर पांढरे झाले होते. उजेड अजून होता, जूनमध्ये तो लवकर जात नाही. दामिराच्या डोक्यात एकच गोष्ट चालू होती: जापार मेला तर. जापार मेला तर मी काय वाटून घेणार आहे? काहीच नाही वाटलं तर? ती गाडी पळवत होती आणि घाबरत होती, आणि आपण घाबरतो आहोत हे तिला बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं.

जापार जिथे होता तिथेच होता. गाडीचं तोंड दरीकडे, आणि तो गाडीला टेकून, हात काखेत घालून, मोकळ्या रस्त्याकडे बघत. खांद्यावर गारांचा थर. मफलर भिजून काळा झालेला. ओठ निळे.

"दादा! अहो दादा, सगळे पोचले!"

"शेपूट यायचंय अजून," जापार म्हणाला. दात वाजत होते.

"मीच आहे शेपूट."

"मग हात कुठे होता?"

तिने किटली सोडली, चहा ओतला, वाटी त्याच्या बोटांत धरवली. बोटं मिटेनात, तिने तिच्या हातांनी मिटवली. त्याने दोन घोट घेतले.

"मी गेलेली दिसले नाही तुम्हाला?"

"दिसलीस की. आंधळा आहे का मी? तू कायमच आधी जातेस. तुझ्यानंतर तो येतो."

"दादा..."

"मला नको सांगूस. खड्ड्यात उतरलो होतो मी, माझ्या हाताने ठेवलाय त्याला. डोक्याला सगळं ठाऊक आहे." त्याने वाटी तिच्याकडे सरकवली, आणखी हवा होता. "पण तू हात न करता गेलीस आणि माझी मान आपोआप तिकडे वळली. म्हटलं, येईल. मग गारा आल्या. म्हटलं, गारांत तो सावकाशच येतो, डब्यात कुणाला तरी घेतलं असेल. मग मलाच हसू आलं, म्हटलं, जापार, म्हातारा झालास, चळलास. निघायला गाडीवर बसलो, तर किक मारवेना. मी निघालो आणि तो मागे राहिला तर? त्याने कधी कुणाला टाकलं नाही गं."

वारा पडला होता. लांबवर एक ट्रक सरहद्दीकडे चालला होता, त्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

"तू का नाही केलास हात?" जापारने विचारलं.

"उठेना."

"म्हणजे?"

दामिराने तोंड उघडलं, आणि वर्षभर जे तिला स्वतःलाही सापडलं नव्हतं ते चहाच्या वाटीकडे बघत सांगून टाकलं. "हात वर केला, की मागे कोणी नाही."

जापारने खांद्यावरच्या गारा झटकल्या. मग म्हणाला, "हो. तेच तर सांगायचं असतं."

"चला आता. ओठ बघा तुमचे."

"असू देत ओठ. मोठ्या रस्त्यावरच्या त्या पुलापर्यंत मागे जा, आणि नीट ये."

"दादा, लहान पोरासारखा हट्ट काय करता?"

"हट्ट नाही गं बाई. मलाही कुणी तरी सांगायला पाहिजे ना! माझ्याने इथून पाय निघत नाहीये. तू सांग. तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

दामिराने गाडी वळवली. पुलापर्यंत गेली, पुन्हा तोंड जापारकडे केलं. तिथे उतरून रेनकोट काढला आणि पुलाच्या कठड्यावर टाकला. आतून पिवळं जाकीट निघालं, गुडघ्यापर्यंत आलेलं, बाह्यांच्या कडा ग्रीसने काळ्या. मग तिने डावा आरसा धरला आणि वर, जागेवर फिरवला.

आरशात रस्ता होता. पांढरा, सरळ, लांबच लांब. तिने नीट बघितलं. वाकड्या दिव्याची जागा कुठे असते ते तिला अचूक ठाऊक होतं. तिथे काही नव्हतं.

तिने गाडी पहिल्यात टाकली, मग दुसऱ्यात. जापार उभा राहिला होता, ताठ, खांबासारखा. तिने डावा हात हँडलवरून सोडवला. एकेक बोट सोडवावं लागलं. मग हात वर गेला, कोपर सरळ झालं, मोठी बाही घसरून खांद्यापर्यंत आली आणि उघड्या दंडाला थंडी चावली. ती थंडी तिला लागली. चांगलीच लागली. आणि त्यासरशी पोटातून काही तरी वर आलं, आईच्या वेळी आलं होतं तिथूनच, आणि ते सुरात होतं.

"माझ्या मागून येणाऱ्या, दिवा तुझा दिसेना रे! वाटीवर हात ठेवलास, मला पुरे म्हणू दिलं नाहीस रे! पुढे धाडलंस मला, वळून कुणाकडे बघू रे..."

ती गात होती, रडत होती, नाक गळत होतं, जावा खोकत होती, आणि हात वर होता. जापारपाशी आली तरी ती थांबली नाही, गाणंही थांबलं नाही. त्या मोकळ्या पठारावर तिला ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, आणि साकिन एजेने चिमटाही काढला नव्हता.

जापारने सलाम ठोकला. मग दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले, गाडीला किक मारली, आणि नियमाप्रमाणे तिच्या पुढे निघाला.